गुरुवारी ट्रक येणार

"अहो, मला तुमच्याशी जरा बोलायचंय," किनुए म्हणाली आणि नेमकं त्याच वेळी दार सरकलं.

दारात योशिनोबाई गुडघे टेकून बसल्या होत्या, पुढ्यात चहाचा ट्रे. सराईच्या या मजल्यावरच्या खोल्या त्या बघायच्या. साठी उलटलेली, हसतमुख बाई, आणि जिभेला विसावा कसा तो ठाऊक नाही.

"दमलात ना वहिनी? घाटच मेला तसा वाकडातिकडा! घ्या, गरम गरम चहा घ्या. आणि ही वडी आमच्याच गावची हं, घरी नेलीत तरी चालेल."

तेत्सुजीने अख्खी वडी तोंडात टाकली आणि मान डोलावली. किनुएने पेला उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. योशिनोबाईंनी गरम झऱ्याच्या कुंडाकडे, म्हणजे न्हाणीकडे, जायचा रस्ता सांगितला, कपाटातले सुती झगे दाखवले, कुणाला कुठला बसेल तेही सांगितलं, आणि एकदाच्या गेल्या. तोवर तेत्सुजी खिडकीशी जाऊन दरीतल्या पाइपांकडे बघत उभा होता. बोलायचं होतं ते राहूनच गेलं.

सांगायचं होतं ते काही फार मोठं नव्हतं. साकाता शहराजवळ समुद्रकाठी किनुएच्या आईचं घर रिकामं पडलं होतं. तिथे ती राहायला जाणार होती. एकटी. सामान न्यायला गुरुवारी ट्रक येणार होता आणि आज मंगळवार होता.

घरी सांगायला मुहूर्त लागत नव्हता. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून तेत्सुजी दिवसभर घरात, टीव्हीसमोर. किनुए, माझा चष्मा? किनुए, जेवायला काय? किनुए, हे कुणाचं पत्र? माणूस वाईट नव्हता. हात उगारला नाही, दारूच्या नादी लागला नाही, पगार आणून हातात दिला. म्हणून तर सांगणं अवघड होतं. वाईट माणसाला सोडून जाणं सोपं, कुणी कारण विचारत नाही. शेवटी तिने मुद्दाम ही सराई निवडली, खोल्यांत टीव्ही नसलेली. शांत जागी गेलं की सांगू. पण असल्या शांत जागी पाहुण्याची उठाठेव किती करतात, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिने पुन्हा घसा साफ केला, तर सराईची मालकीण स्वतः आली. चटईला कपाळ टेकून तिने स्वागत केलं, गेल्या आठवड्यातल्या वाऱ्याची हकिकत सांगितली, अंगणातल्या ख्रिसमसच्या भडक दिव्यांबद्दल माफी मागितली, मुलगा ऐकत नाही म्हणाली. ती गेली, तर जेवण किती वाजता विचारायला पुन्हा योशिनोबाई. किनुए उठून झग्याची घडी मोडे, परत घाले. 

"तू बस की जरा," तेत्सुजी म्हणाला. "काय वळवळ लावलीयस?"

"बसते. तुम्ही आधी माझ्याकडे बघा."

त्याने बघितलं. दार सरकलं. जेवण आलं.

जेवण म्हणजे एकदाच वाढून मोकळं होणं नव्हे. आधी लोणच्याच्या चिमुकल्या वाट्या, मग मिठात भाजलेला नदीचा मासा, मग अळंब्यांचं सूप, आणि प्रत्येक वेळी योशिनोबाई. शेवटी दोघांपुढे एकेक छोटं भांडं ठेवून त्यांनी खालची मेणाची वडी पेटवली.

"ही विझली ना, की झाकण काढायचं. त्याच्या आधी नाही हं साहेब, मांस कच्चं राहतं. किती वर्षं झाली हो वहिनी लग्नाला?"

"झाली बरीच," किनुए म्हणाली.

"बघा! अशी जोडपी आता दिसतात कुठे? परवा एक पोरगं-पोरगी आली होती, जेवताना दोघंही आपापल्या फोनात. मी म्हटलं, मेल्यांनो, एकमेकांशी बोला की!"

त्या गेल्यावर किनुए त्या निळ्या ज्योतीकडे बघत राहिली. ही विझायच्या आत सांगायचं, तिने मनाशी ठरवलं. ज्योत बारीक झाली. तिने तोंड उघडलं.

"हे मस्तच बनवलंय," तेत्सुजी झाकण काढून एक घास घेत म्हणाला. "तुला येईल असं करायला?"

किनुएला रडावंसं वाटलं. रागाने, की कशाने, ते तिचं तिलाही कळलं नाही.

योशिनोबाई गाद्या घालायला आल्या, म्हणून दोघं कुंडाकडे गेली. पुरुषांचं कुंड डावीकडे, बायकांचं उजवीकडे. मधली लाकडी भिंत छतापर्यंत नव्हती, त्यामुळे वाफ आणि आवाज दोन्ही पलीकडे जात. किनुएने अंग धुतलं, गळ्यापर्यंत पाण्यात शिरली. तिच्या बाजूला कुणीच नव्हतं.

"किनुए, पाणी कसंय?" भिंतीपलीकडून तेत्सुजी ओरडला.

"छान आहे. तुमच्याकडे कुणी आहे का?"

"कुणी नाही. मीच."

इथे दार सरकवून कुणी चहा आणणार नव्हतं आणि त्याचं तोंडही दिसत नव्हतं. याहून बरी जागा मिळणार नाही, असं तिला वाटलं.  तिने दोनदा तोंडावर पाणी मारलं, बराच वेळ मनात शब्द जुळवले आणि मग भिंतीकडे तोंड करून एका दमात बोलायला लागली.

"मी आईच्या घरी राहायला जातेय. एकटी. गुरुवारी ट्रक येणारेय. तुमचं काही चुकलं असं नाही. पण आयुष्यभर मी शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी रांधलं, घरी येऊन तुमच्यासाठी रांधलं. आता दोघांच्याही नोकऱ्या संपल्या, तरी सकाळी डोळा उघडायच्या आधी तुमची हाक येते. मला एकदा उठायचंय आणि कुणाला काय हवंय ते ठाऊक नसायला हवंय. एवढंच. ऐकलंत का?"

पलीकडे नुसतं पाणी पडत होतं. मग कुणीतरी खाकरलं.

"माफ करा हं बाई," अनोळखी, म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. "मी आत्ताच पाण्यात उतरलोय. आत शिरताना एक गृहस्थ बाहेर पडत होते. झऱ्याचा पाइप कुठून आणलाय ते बघतो म्हणाले."

किनुए हनुवटीपर्यंत पाण्यात बुडाली. जमीन दुभंगली असती तर तिने खुशाल उडी घेतली असती.

"मी काही ऐकलं नाही," म्हातारा म्हणाला. "माझ्या कानात पाणी गेलंय." जरा वेळाने त्यालाच राहवलं नाही. "माझी बायको काही न बोलताच गेली हो. घरी आलो तर चपला नव्हत्या. अजून वाटतं, निदान भांडली तरी असती."

किनुएने अंगावर झगा चढवला, टॉवेल गळ्यात टाकला आणि ती बाहेर पडली. केस पुसायलाही थांबली नाही.

तेत्सुजी बोळातल्या बाकावर बसला होता, तोंड लालबुंद. "अगं, पाइप लाकडाचा आहे!" तो म्हणाला. "आपल्या खात्यात असता तर—"

बोळाच्या टोकाला योशिनोबाई उगवल्या, हातात गार पाण्याचे पेले.

"योशिनोबाई," किनुएने हात वर केला. "जरा तिथेच थांबा. आम्ही बोलतोय."

आवाज चढला नव्हता, पण योशिनोबाई जागच्या जागी थांबल्या आणि पेल्यांसकट मागे वळल्या. मग किनुएने सगळं पुन्हा सांगितलं. उभ्यानेच, आणि या वेळी त्याच्या तोंडाकडे बघत. भिंतीला सांगितलं तितकं नीट जमलं नाही, मध्येच शब्द अडले, पण ट्रक आणि गुरुवार आणि एकटी, हे तिन्ही सांगून झालं.

तो चिडेल, असं तिने गृहीत धरलं होतं. चिडला तर काय बोलायचं ते तयार होतं. लोक काय म्हणतील, असं म्हणाला तर त्याचंही उत्तर तयार होतं. तेत्सुजी आपल्या पायांकडे बघत राहिला. सराईच्या लाकडी चपला त्याला लहान होत होत्या, टाचा बाहेर आल्या होत्या. बोळातून एक पोरगेलसं जोडपं हसत गेलं, दोघांनी वाकून नमस्कार केला, यानेही मान लववली.

"गुरुवारी," तो म्हणाला.

"हो."

"त्या घराला थंडीत पाण्याची नळी गोठते. गोणपाट गुंडाळून घे."

"घेईन."

 त्याला आणखी काहीतरी विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता, हे तिला दिसत होतं. त्याचा हा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. त्याने झग्याच्या बाहीने कपाळ पुसलं.

"आपल्याकडे जाळायचा कचरा कोणत्या वारी नेतात?" त्याने विचारलं.

याचं उत्तर तिने तयार केलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. तिने ते टॉवेलच्या टोकाने टिपले, त्याच्याशेजारी बाकावर बसली आणि कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा ते सोमवारपासून एकेक करून सांगायला लागली. तेत्सुजी शाळेतल्या पोरासारखा तिच्यामागून प्रत्येक वार म्हणत होता.