नाव कमी करण्याचं कारण

शुक्रवारी खाऊच्या आधी राधाने प्रितमच्या दंडाला चावा घेतला आणि तासाभरात जयवंत सावंतांचा फोन आला, "त्या मुलीचं नाव कमी करा." सावंत म्हणजे आमच्या बालवाडीच्या ट्रस्टचे सेक्रेटरी. मुलांच्या संडासाचा नळ तुटला होता, तेव्हा याच माणसाला फोन उचलायला अकरा दिवस लागले होते.

बालवाडी करी रोडला, चाळीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. शिकवतात ललिताबाई, बावीस वर्षं झाली. मी नलू, मदतनीस. झाडणं, खिचडी, मुलांची शी-शू आणि हजेरीचा पट माझ्याकडे. माझं अक्षर बरं आहे हे बाई कधी कबूल करत नाहीत, पट मात्र मलाच भरायला लावतात.

राधा चार वर्षांची, जूनमध्ये आली. तिची आई प्रिती नवऱ्याचं घर सोडून भोईवाड्याला माहेरी राहते आणि समोरच्या टॉवरमध्ये हाउसकीपिंगला जाते. घरी आजी, तिला डोळ्यांनी दिसत नाही. म्हणजे बालवाडी सुटली की नोकरी सुटणार, आणि नोकरी सुटली की परत त्याच नवऱ्याच्या दारात. तिकडून फोन चालूच होते, "पोर सांभाळता येत नाही ना? मग ये गुपचूप." हे मी सावंतांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "तो त्यांचा फॅमिली मॅटर आहे." हेच सावंत महिन्यापूर्वी आम्हाला दादरला एका हॉलमध्ये प्रशिक्षणाला घेऊन गेले होते. विषय, मनावर आघात झालेली बालकं. सकाळभर पडद्यावर रडक्या मुलांचे फोटो, दुपारी पुलाव. समारोपाला सावंत उभे राहिले आणि 'प्रत्येक मूल आपलं मूल' असं तीनदा म्हणाले. मी मोजलं.

मोजायची मला खोडच आहे. राधा चावली की पटाच्या शेवटच्या पानावर मी तारीख, वेळ, कुणाला, कुठे असं लिहायचे. तिच्या भल्यासाठी नाही हो. उद्या कुणाची आई भांडायला आली तर आपल्या हाती कागद असावा, म्हणून. शुक्रवारी पाचवी नोंद करताना वरच्या चार वाचल्या. अकरा वीस, दहा पाच, अकरा बावीस, पुन्हा अकरा वीस. दहा पाचला प्रार्थना, अकरा वीसला खाऊ. दोन्हीच्या आधी बाई टाळी वाजवून म्हणतात, "हाताची घडी!" आणि मुलं ओरडतात, "तोंडावर बोट!" मग सगळे चिडीचूप. पाचही चावे त्या चिडीचूपमधले होते. आणि पाचही जणांना ती चावली, ते मध्येच कुजबुजले म्हणून. बाकीच्या दिवशी ती सतरंजीखाली शिरायची. ते मी मस्ती समजून सोडून दिलं होतं.

पान बाईंपुढे धरलं.

"म्हणजे? माझ्यामुळे चावते?"

"मी फक्त वेळा लिहिल्यात, बाई."

"बावीस वर्षं हेच म्हणतेय, कुणी चावलं नाही. आणि तू खिचडी ढवळता ढवळता डॉक्टर झालीस?"

"डॉक्टर कुठली? घड्याळ बघते."

"जा, टोप घास."

घासला. आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला असणार.

शनिवारी मुलांना सुट्टी. प्रितीला बोलावलं होतं, ती कामाच्या युनिफॉर्मवरच आली. बाईंनी माझ्याकडे न बघता तिला विचारलं, "घरी कधी 'तोंडावर बोट' म्हणता का हिला?"

प्रिती आधी हसली. मग तिचा चेहरा बदलला.

"मीच म्हणायचे. तिचा बाप पिऊन दारात आला की राधाला कॉटखाली सरकवायचे. माझ्या शाळेत म्हणायचे ना, तेच. हाताची घडी, तोंडावर बोट, आई बोलवेपर्यंत बाहेर यायचं नाही. खेळ आहे म्हणून सांगायचे. आवाज झाला तर तो तिलाही ओढून काढायचा."

"अगं, मग हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं होतं!" प्रितीचा आवाज चढला. "ॲडमिशनच्या दिवशी. म्हटलं, बाई, ही दंग्याला नाही घाबरत, सगळे गप्प झाले की घाबरते. तुम्ही म्हणालात, घरचं घरी ठेवा, इथे सगळी मुलं सारखी."

बाई तसंच म्हणाल्या होत्या, मी तिथेच फॉर्म भरत बसले होते.

तेवढ्यात सावंत आले. सोबत टाइप केलेला अर्ज. फक्त सही बाकी. प्रितीने मोठ्याने वाचला, "मी स्वखुशीने माझ्या पाल्याचे नाव..." आणि थांबली. "कुणाच्या खुशीने?"

"हे बघा ताई, मला सव्वीस मुलांचा विचार करायचाय. मुलं कणखर झाली पाहिजेत. असे लाड करत बसलो तर..."

"कणखर?" ललिताबाई उठल्या. बावीस वर्षांत त्यांना सावंतांसमोर उभं राहून बोलताना मी पाहिलं नव्हतं. "आईला मार बसत होता आणि ही चार वर्षांची पोर तोंडावर बोट ठेवून कॉटखाली बसली, साहेब. इथे कुणी बोललं की तिला वाटतं, आता सगळे सापडणार. तुम्ही तिला कणखरपणा शिकवणार? चूक माझी आहे. पाचही वेळा माझी."

"बाई, तुम्ही कशाला अंगावर घेता? प्रितमचे वडील कमिटीवर आहेत. मी त्यांना शब्द दिलाय."

"मग तो परत घ्या. सोमवारपासून ते वाक्य इथे बंद."

"नलू, पट आण. मीच रेघ मारतो."

पट आणला, पेनही आणलं. "साहेब, रेघेच्या पुढे कारणाचा रकाना आहे. स्थलांतर, आजारपण, सततची गैरहजेरी. राधा तर एक दिवस चुकलेली नाही. काय लिहू?"

"लिही... वर्तन."

"कुणाचं?"

झाडूलाच वाचा फुटल्यासारखे ते माझ्याकडे बघायला लागले.

"आणि शेजारी तुमची सही लागेल, पूर्ण नावानिशी. तपासणीच्या मॅडम शेवटचं पान आधी उघडतात, तिथे सगळ्या वेळा आहेत." ही शुद्ध थाप. तपासणीच्या मॅडम चहा पितात आणि जातात.

सावंतांनी पेनाला टोपण लावलं. "एक महिना बघतो. एक जरी तक्रार आली..." पुढचं ते दाराबाहेर जाऊन बोलले.

मला वाटलं, आता प्रिती आभार मानणार. तसा चेहराही मी करून ठेवला होता. तिने पट स्वतःकडे ओढला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

"माझी पोर चावली ते सगळं आहे. तारीख, वेळ, डावा दंड, उजवा दंड."

"हो."

"हे वाक्य तिला जूनपासून किती वेळा ऐकवलंत? ते कुठे लिहिलंय, नलूताई?"

दिवसाला दोनदा, जून ते नोव्हेंबर. मनात गुणाकार सुरू झाला आणि मीच तो सोडून दिला. "नाही लिहिलं."

"लिहायचं ना. ती काय करते ते लिहिता, तिला काय केलं तेही लिहा. दर शनिवारी मी येऊन वाचणार." ती वाकून चपलेचा पट्टा लावायला लागली.

"प्रिती," ललिताबाई म्हणाल्या, "माझं चुकलं गं."

"मला काय सांगता?" तिने वर न बघताच पट्टा ओढला. "सोमवारी दहाला ती येईल, तिला सांगा. आणि शांत बसवून नका सांगू. खेळत असेल तेव्हा सांगा."