कॉटखालचा मानकरी

मी एक जुना बेडपॅन आहे. मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या; मी काही तोंड लपवणार नाही. अंथरुणातून उठता न येणाऱ्या माणसाचा संडास म्हणजे मी. ज्या स्टीलच्या पत्र्यातून मी घडलो, त्याच्याच पराती लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी घेऊन मिरवतात. मी आलो जळगावच्या एका दवाखान्यात, कॉटखाली. अडलं की सगळ्यांना मी हवा, भागलं की पायानं कोपऱ्यात!

यंदा माझ्या कॉटवर रावेरकडचे तोताराम आबा आले. न्यूमोनियानं छाती भरलेली. जोरदार औषधांनी ताप उतरवला, पण पोटातले चांगले जंतूही मारले आणि आबांना जुलाब लागले. मुलगा हितेंद्र होता तोवर तोच मला सरकवायचा. तो केळीच्या कटाईसाठी गावी गेला आणि जवळ राहिली सून मोहिनी, सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी. तिच्याकडे भांडं कसं मागायचं? ती बाहेर गेली की आबा वॉर्डातल्या आयाला हळूच बोलावत, कुणाला सांगू नको म्हणत. पुन्हा जावंच लागू नये म्हणून त्यांनी पाणीही सोडलं. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाले, "पोट बेस आहे." छाती सुधारत होती आणि माणूस वाळत चालला होता.

ओठ सुकले, आबा बरळू लागले. तांब्या मात्र भरलेलाच. मोहिनीला शंका आली.

"आबा, पानी काहून नही पेत?"

"सुनेले भांडं उचलाले लावू का मी?" आबा पुटपुटले.

मोहिनीनं पदर कमरेला खोचला आणि मला खसकन बाहेर ओढून आबांखाली सरकवलं. भेटायला आलेली आबांची बहीण तानुबाई कडाडली, "लोक काय म्हनतीन व!"

"म्हनू द्या, आत्या. मले आबा जित्ते पाहिजेत."

भर वॉर्डात तिनं डॉक्टरांना जुलाबाचं, पाणी सोडल्याचं सगळं सांगितलं. तपासणी झाली, औषध बदललं, सलाईन लागलं. आणखी उशीर झाला असता तर आबा हाती लागले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

आबा शुद्धीवर आले आणि त्यांनी स्वतः हाक मारली, "मोहिनी, भांडं दे बेटा. अन् पानीबी." मला फार आनंद झाला.

आता प्लॅस्टिकचे नवे भाऊबंद आलेत, मला पोचे पडलेत. पडू देत! मित्रांनो, मला घासूनपुसून उन्हात ठेवत जा. हे मी हक्कानं सांगतोय. आणि घरातलं आजारी माणूस पाणी नको म्हणालं, तर पोट कसं आहे, हे तोंड उघडून विचारा. लाजेपायी माणसं मरतात. माझ्यावर बसून आजवर कुणी मेलेलं नाही.