शिरवाळ्यांचा झबरू

समिधाच्या अंगावर पुन्हा गांधी उठल्या, तेव्हा उर्मिलाने आधी पाहिलं ते सासूबाईंच्या हातांकडे.

हातांत काही नव्हतं. सुगंधाबाई नातीला घेऊन नुकत्याच गुरुवारच्या कीर्तनाहून आल्या होत्या. कपाळावरचा बुक्का ताजा होता, आणि बुवांनी शेवटी धरलेला गजर त्यांच्या ओठांवर अजून चालूच होता.

“काय दिलंत हिला?”

“मी? मी काय देणार?”

“मग हे आपोआप आलं?”

“डास चावले असतील. तुमच्या ह्या इंद्रलोक सोसायटीत इंद्र काही दिसला नाही मला, डास मात्र म्हणशील तेवढे.”

उर्मिला हसली नाही. पोरीच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती. तिने औषध पाजलं, पाठीला खोबरेल लावलं, आणि लावता लावता सासूबाईंच्या पिशवीत एकदा डोकावूनही घेतलं. टाळ, बुक्क्याची डबी, दुमडलेली चटई. बस.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीला दूध सोसत नाही. दूध, दही, तूप, खवा, सगळं बंद. आज गांधी येतायत, उद्या श्वास अडकेल. घर माळकरी, अंडी-मासळीचा प्रश्नच नव्हता. आता गाईम्हशीचंही गेलं. हे ऐकून सुगंधाबाई तेव्हा खो खो हसल्या होत्या. “दूध बाधतं? अख्खं गोकुळ वाढलं गं दुधावर, एकालाही बाधल्याचं मी कुठल्या कीर्तनात ऐकलं नाही!”

ते हसू उर्मिलाच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं.

त्यातून समिधाने जेवणच टाकलं. दूधभात नाही, खीर नाही, वरणावर तूप नाही, मग जेवायचं तरी कशाला? सहा वर्षांची पोर शाळेच्या कपड्यांत बुजगावण्यासारखी दिसायला लागली. नवरा, जितेंद्र, दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचा आणि पेपर उघडायचा.

रविवारी सकाळी मात्र पोर खुलायची. टीव्हीवर झबरूचं कार्टून लागायचं. झबरू म्हणजे एक काळ्या तोंडाचा मेंढा. त्याची लोकर इतकी कुरळी आणि दाट, की जवळ आलेली प्रत्येक गोष्ट तिच्यात हरवायची. कधी छत्री, कधी गजराचं घड्याळ, एकदा तर सायकलसकट पोस्टमन. आजी-नात दोघी पोट धरून हसायच्या. “गुणाचा आहे हो,” सुगंधाबाई म्हणायच्या, “सगळ्यांचं सगळं पोटात घालतो.”

“आज्जी, मला झबरू दिलास ना, तर जेवीन मी.”

पोरीने सहज म्हटलं, पण म्हातारीच्या डोक्यात ते फिरत राहिलं. कुरळं, पांढरं, दाट. असं काय असतं खायचं? मग त्यांना आपलं राजापूर आठवलं आणि त्या ताडकन उठल्या. माळ्यावरून लाकडी साचा काढला. तांदळाच्या पिठीची उकड केली, तिचे मुटके उकळत्या पाण्यात शिजवले आणि गरम असतानाच साच्यातून दाबले. बारीक पांढऱ्या शिरवाळ्या ताटात उतरायला लागल्या. एरवी त्या नुसत्या वाढतात. सुगंधाबाईंनी बोटाभोवती गुंडाळून एकेक कुरळा केला. तोंड आणि कान नाचणीच्या उकडीचे, डोळ्यांना बेदाणे. शेजारी वाटीत नारळाचा घट्ट रस, वेलची घातलेला, आणि गूळ किसून वेगळा.

उर्मिला कामावरून आली तर पोर झबरूची शेपटी खात होती आणि हनुवटीवरून पांढरा ओघळ येत होता.

“हे काय पाजलंत?”

“रस आहे नारळाचा. पाजलं काय म्हणतेस? खातेय ती, बघ तरी.”

उर्मिलाने वाटीत बोट बुडवून चाटलं. पुन्हा बुडवलं. नारळच होता. तरीही तिने कचऱ्याच्या डब्यात नारळाची करवंटी बघितली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

समोरच्या नीलमबेन ताट बघायला आल्या नि दारातच थबकल्या. “दूध नथी? तो इतना सफेद कैसे? भाभी, मेरे को डाउट आता है. सासूमा को सुबह थैली लेके आते देखा मैंने.”

“ती चहाची,” उर्मिला म्हणाली. म्हणाली खरी, पण दुसऱ्या दिवसापासून दुधाची पिशवी तिने स्वतःच्या हाताने फोडायला आणि उरलेलं दूध भांड्यावर खूण करून ठेवायला सुरुवात केली. सुगंधाबाईंना ती खूण दिसली. आपल्या चहात दूध घालायचं त्यांनी सोडून दिलं.

झबरूमुळे पोर जेवायला लागली, अंग धरू लागली. पण मधूनच एखाद्या संध्याकाळी गांधी यायच्या आणि शिट्टी वाजायची. एकदा झबरू खाल्ल्यावर तासाभरातच सगळं उठलं, तेव्हा उर्मिलाचा धीर सुटला.

“आजपासून झबरू मी करणार,” ती म्हणाली. “तुम्ही बाहेर बसा, आई.”

“साचा जड आहे गं.”

“बसा म्हटलं ना.”

सुगंधाबाई बाहेर बसल्या. आत साचा कुरकुरताना ऐकू येत होता. उर्मिलाचा झबरू कसला, ताटात पडलेला गुंता होता तो. पण समिधाने खाल्ला. मग ती आजीबरोबर कीर्तनाला गेली, आणि परत आली ती आजीच्या कडेवर, धापा टाकत.

त्या दिवशी डॉक्टरांकडे न्यावं लागलं. सुई द्यावी लागली. घरी आल्यावर उर्मिला देवघराकडे बोट दाखवून म्हणाली, “तिथे हात ठेवून सांगा.”

जितेंद्र म्हणाला, “अगं, काय बोलतेस...”

“तू थांब, जितू.” सुगंधाबाईंनी हात धुतले, पदर खोचला आणि मूर्तीच्या पायांवर हात ठेवला. “पांडुरंगा, ह्या हातांनी पोरीला दुधाचा थेंब दिलेला नाही. दिला असेल तर हे हात झडोत.”

गळ्यात माळ असलेली बाई देवापुढे खोटं बोलणार नाही, एवढं उर्मिलालाही कळत होतं. पण त्याने शांत वाटायच्या ऐवजी तिचा संशय घरभर सुटला. बेकरीचा पाव? शाळेतल्या मैत्रिणींचे डबे? की औषधाच्या बाटलीतच काही? ती पोरीला खोदून खोदून विचारायची, “देवळात कुणी काही खायला दिलं?” समिधा मान हलवायची. “नाही. पेढा पण आज्जीने परत केला.”

पुढच्या गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. “मीही येते कीर्तनाला.”

सुगंधाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. “ये की. पाळत ठेवायला का होईना, देवाच्या दारात आलीस.”

पत्र्याच्या शेडखालचं विठ्ठलमंदिर भरलेलं होतं. बुवा रंगात होते. चिपळ्यांचा ठेका असा, की बसल्या माणसाची मांडी आपोआप हलावी. पेटी, मृदंग, आणि मध्येच सगळ्यांनी मिळून उचललेलं पालुपद. सुगंधाबाईंचे डोळे मिटले होते, मान डोलत होती. उर्मिलाला एक शब्द ऐकू आला नाही. ती माणसांचे हात बघत होती. मंदाताईंचा हात पेढ्यांच्या डब्यातून समिधाकडे गेला आणि उर्मिला अर्धवट उठली. पण डोळे मिटलेल्या म्हातारीनेच तो हात अडवला. “नको हो मंदाताई. तिला चालत नाही. डबाच काढा इकडून.”

उर्मिला खाली बसली. कानांच्या पाळ्या तापल्या. ह्या बाईला मी शपथ घ्यायला लावली?

आरती झाली. गुरवकाका भांडं घेऊन रांगेतून पुढे येऊ लागले. समिधाने शहाण्यासारखा उजवा तळहात पुढे केला, खाली पदर नव्हता म्हणून फ्रॉकचं टोक धरलं. पळी कलली. तळहातावर काहीतरी पांढरं, दाट सांडलं आणि पोरीने हात तोंडाकडे नेला.

उर्मिलाने मनगट धरलं. पांढरे थेंब फरशीवर पडले.

“अहो, तीर्थ सांडलं!” कुणीतरी ओरडलं.

“उर्मिला!” सुगंधाबाई कासावीस झाल्या. “तीर्थ आहे गं ते!”

“कशाचं?”

“कशाचं म्हणजे? पंचामृत.”

“पंचामृत कशाचं असतं, आई?”

“दूध, दही, तू...”

त्या थांबल्या. ही पाच नावं त्यांनी जन्मभर म्हटली होती, एका दमात, नामस्मरणासारखी. त्यातलं पहिलं नाव म्हणजे सकाळी पिशवीतून येतं तेच दूध, हे त्यांच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. त्या मटकन खाली बसल्या आणि सांडलेले थेंब पदराने पुसायला लागल्या. पुसून झाले तरी पुसत राहिल्या.

परतताना समिधा दोघींच्या मधून चालत होती.

“मी देवावर हात ठेवून खोटं बोलले,” सुगंधाबाई म्हणाल्या.

“खोटं नाही. तुमच्या लेखी ते दूध नव्हतंच.”

“पोरीच्या छातीला ते कुठे कळतंय?” थोडं चालून त्या पुन्हा बोलल्या, “आणि तू मला माझ्या साच्यापासून उठवलंस.”

उर्मिलाला माफी मागायची होती. तोंडातून आलं ते भलतंच. “माझ्या शिरवाळ्या तुटतात, आई.”

“पाणी कमी घालतेस उकडीला.”

पुढच्या गुरुवारचा प्रसाद सुगंधाबाईंनी मागून घेतला. उर्मिलाने सकाळी साचा दाबायला मदत केली आणि कामावर गेली. देवळात आजी आणि नात दोघीच गेल्या. मोठ्या परातीत झबरू होता, अगदी टीव्हीतल्यासारखा, आणि सोबत पातेल्यात नारळाचा रस.

मंदाताईंनी परातीवरचं फडकं उचललं आणि दचकून सोडलं. “अगो बाई, मेंढा? विठोबापुढे मेंढा? आमच्या गावच्या देवीला देतात तसा?”

“तांदळाचा आहे.”

“पण मेंढाच ना!”

गुरवकाकांनी परात इकडून पाहिली, तिकडून पाहिली. “आजी, लोक काय म्हणतील? आणि हा रस कसला? दूध नासलंय का?”

“दूध नाहीच त्यात.”

“दुधाशिवाय प्रसाद?” मागून कुणीतरी कुजबुजलं. “मग आहे तरी काय?”

सुगंधाबाईंनी साठ वर्षांत कुठल्याही प्रसादाला हा प्रश्न विचारला नव्हता. त्या मागे वळल्या. “विचारा, बिनधास्त विचारा. तांदूळ, नाचणी, बेदाणे, नारळ, गूळ, वेलची. आता काका, तुम्ही सांगा, तुमच्या भांड्यात काय आहे ते. मोठ्याने सांगा. ही माझी नात उभी आहे इथे, तिला ऐकू गेलं पाहिजे.”

“आजी, तीर्थाला असं विचारतात का?”

“मी नाही विचारलं कधी. म्हणून तर सुई घ्यावी लागली हिला. सांगा.”

गुरवकाका लाल झाले. पण त्यांनी सांगितलं, पाचही नावं, सावकाश. समिधाने ऐकून हात पाठीमागे नेला. काकांनी क्षणभर विचार केला आणि तिला तुळशीचं एक पान दिलं. मग परात उचलली आणि झबरूचं तोंड देवाकडे करून गाभाऱ्यात ठेवली. बाहेरून बघणाऱ्याला दिसायचा तो फक्त शिरवाळ्यांचा पांढरा ढीग.

“असा चालेल,” ते पुटपुटले.

कीर्तनानंतर द्रोण वाटले गेले. मंदाताईंनी आपला द्रोण हातात फिरवला, एक शिरवाळी चिमटीत धरून नाकाजवळ नेली.

“घ्या हो वास,” सुगंधाबाई म्हणाल्या. “चांगला घ्या. मग खा.”