बिनवासाची

मी खरकट्यावर जगणारी गॅसची टाकी. हो, टाकीच बोलतेय, आणि घाबरत घाबरत बोलतेय. मी मुळातच भित्री. जिच्या पोटात सदा जाळाचा ऐवज भरलेला, तिने धीट असून कसं चालेल?

माझा जन्म ताईच्या हातचा. ताई यंत्रं घडवायला शिकलेली, भावाच्या घरी राहणारी. मागच्या अंगणात तिने एका पिंपावर दुसरं पिंप उपडं बसवून मला घडवलं. खालच्या पिंपात खरकटं कुजतं, त्याचा गॅस होतो आणि वरचं पिंप हळूहळू वर उचललं जातं. गॅस भरला की मी टम्म, संपला की खाली बसलेली. तिथून एक रबरी नळी थेट स्वयंपाकघरातल्या शेगडीला. सालं, देठं, उरलंसुरलं, विटलेलं, मला सगळं गोड लागतं. खायला घालते वहिनी, ताईच्या भावाची बायको. "ढमे, आ कर," म्हणते आणि बादली उपडी करते.

भांडण एकच, माझा वास. सडक्या अंड्याचा. "नाक दाबून स्वयंपाक करू का मी?" वहिनी करवादायची. शेजारीण तर मला ऐकू जावं म्हणून खिडक्या आपटायची. शेवटी ताईने नळीच्या वाटेत लोखंडाच्या किसाचा एक डबा बसवला. वास त्यात अडकला, गॅस पुढे गेला. घरात आनंदीआनंद! एक कारखानदार म्हणाला, "बिनवासाची असेल तर अशा हजारो काढू." बघायला यायचा दिवसही ठरला.

मी मात्र हबकले. अहो, वास हीच तर माझी वाचा! कुठे गळती लागली तर मी आरडाओरडा कशाने करू?

आणि नेमकं तेच झालं. तो यायच्या आदल्या संध्याकाळी शेगडी घासताना ओढाताण झाली आणि नळी सांध्यापाशी चिरली. कुणाच्या लक्षात आलं नाही. गडबडीत माझी तोटीही बंद करायची राहिली. थंडी म्हणून खिडक्या ओढून घेतलेल्या. मी खाली खाली बसत होते आणि माझ्या पोटातलं सगळं त्या बंद स्वयंपाकघरात साचत होतं.

पहाटे वहिनीच्या चपला वाजल्या. रोज ती आधी शेगडी पेटवते, मग माझ्याकडे येते. काडी ओढू नकोस गं बाई! दिव्याचं बटण दाबू नकोस! मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण एक हुंकारही फुटेना.

पाहुणा यायचा म्हणून तिला खरकट्याची बादली आधी नजरेआड करायची होती. अंधारातच चाचपडत शेगडीजवळची बादली उचलून ती बाहेर आली आणि मला बघून थबकली.

"अगं बाई! काल तर टम्म होतीस. एवढी कशाने गं रोडावलीस? ताई, इकडे ये, ढमीला काय झालंय बघ!"

डोळे चोळत आलेली ताई मला बघून पांढरीफटक पडली. "वहिनी, आत जाऊ नकोस! दादाला हाक मार, म्हणावं दिवा न लावता बाहेर ये!" तिने माझी तोटी पिळली, बाहेरूनच एकेक खिडकी उघडली.

सगळं मोकळं झाल्यावर तिने तोटी जराशी सोडून नळीला साबणाचा फेस लावला. सांध्यावर बुडबुडे उठले. वहिनीने त्या बुडबुड्यांवर बोट ठेवलं.

"मी शेगडीपाशी उभी होते गं. मला काहीच कसं कळलं नाही?"

ताईने पाना घेतला आणि किसाचा डबा काढून टाकला.

दुपारी, नवी नळी बसल्यावर, कारखानदार आला. आल्या आल्या नाकाला रुमाल. "हे काय? तो डबा लावा, आत्ता करार करतो."

"वास राहणार," ताई म्हणाली.

"असली घाण कोण घेईल हो?"

"मी घेईन," वहिनी फणकारली. "सकाळी मरता मरता वाचलेय मी."

तो हसला. जाताना मात्र कोपऱ्यात पडलेल्या डब्याचे चारी बाजूंनी फोटो काढून घेऊन गेला.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. तो माझ्या बहिणी काढणार, दिसायला देखण्या आणि जन्मापासून मुक्या. त्यातली एखादी तुमच्या दारी आली आणि 'हिला वासच नाही' म्हणून कुणी कौतुक करू लागलं, तर हुरळून जाऊ नका. काडी ओढण्याआधी बाहेर या, तिचं पोट खाली बसलंय का तेवढं बघा. ती ओरडत असेल हो, तुम्हाला ऐकू येणार नाही.