मृगबागेची मांडणी

जीवरामआबांनी पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला, तो उलटा. सुलटा केला तरी जाईना. तिसऱ्या खेपेला गेला एकदाचा.

"गेला व पोरी!" ते फोनवर ओरडले.

"आबा, ओरडू नका, येतंय ऐकू," जळगावहून ज्योत्स्ना म्हणाली. "आता आईच्या सेटिंगांची फाइल दिसेल. तिच्यावर दोनदा टिचकी मारा, 'हो' म्हणा आणि कॉम्प्युटर बंद करून परत चालू करा. आई बसायच्या आत उरका."

आई, म्हणजे लताबाई, आत चहा टाकत होत्या. सावद्याहून केळीची गाडी निघाली की पावती त्या करत. आबांनी गाडीचा नंबर सांगायचा आणि तो तोंडातून पुरता पडायच्या आत लताबाईंनी म्हणायचं, "पुढे बोला." आबा वरवर चिडत, मनातून त्यांना तो दरारा फार आवडे.

मागच्या गणपतीत लताबाईंना लकवा मारला. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, पण उजव्या हाताशी त्यांनी जणू भांडण धरलं. डॉक्टर म्हणत, हात वापरा. त्या तो पदराखाली झाकून ठेवत. आजारानंतर एकदा कॉम्प्युटरपुढे बसल्या, तर डाव्या हातानं बाण भलतीकडेच पळाला. त्यांनी मशीनवर कापड टाकलं आणि महिनाभर तिकडे फिरकल्या नाहीत. शेवटी दिवाळीत ज्योत्स्नानं माऊस डावखुरा केला, अक्षरं मोठी केली, बाणाचा वेग कमी केला. तेव्हा कुठे त्या पुन्हा बसू लागल्या. नंबर गुपचूप टिपून घेत, पण "पुढे बोला" काही परत आलं नाही.

आणि काल कॉम्प्युटर बिघडला. दुरुस्तीवाल्या भूपेंद्रनं सगळं पुसून नव्यानं टाकलं. पावत्या बचावल्या, लताबाईंची मांडणी गेली. बाण परत पळाला तर बाई पुन्हा कापड टाकेल, या धास्तीनं आबांना झोप लागली नव्हती.

पडद्यावर एक सोडून दोन फायली आल्या. लागवड उरकली की सेटिंगांची एक प्रत काढून ठेवायची, ही लताबाईंची शिस्त. आणि तिला नाव द्यायचं ते बागेचं, कारण सावद्यात वर्ष तारखांनी मोजतं कोण? एक फाइल 'मृगबाग', म्हणजे पावसाळ्याच्या तोंडच्या लागवडीची, दुसरी 'कांदेबाग', दिवाळीच्या सुमाराची. आबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मृगाची लागवड चालू होती. त्यांनी ऐटीत मृगबागेवर दोन टिचक्या मारल्या.

कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला आणि आबा पडद्यापाशी वाकले. अक्षरं मुंगीएवढी. मागे केळफुलाचा तो जुना फोटो. ही तर गेल्या मृगातली मांडणी, आजाराच्या आधीची, उजव्या हाताची! करायला गेलो गणपती अन् झाला मारुती.

"आबा, कांदेबागच लावली ना?" फोनमधून ज्योत्स्नानं विचारलं.

आबा उत्तर देणार तोच लताबाई कपबशी घेऊन आल्या. पडद्याकडे पाहत उभ्याच राहिल्या.

"चुकलं व माझं," आबा घाईनं म्हणाले. "थांब, बदलून देतो मी."

"काहून बदलता?" लताबाईंनी कप ठेवला आणि खुर्ची ओढली. "माझंच तं आहे हे."

त्या बसल्या. डावा हात नंबरांच्या बटणांवर गेला, पूर्वीच्या जागी. आणि पदराखालून उजवा हात निघाला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो माऊसवर जाऊन बसला, बाण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावला. आबांचा हात मदतीला उचलला गेला, तो त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर दाबून धरला.

पहिली टिचकी हुकली. दुसरीही. तिसऱ्या टिचकीला कोरी पावती उघडली.

"आबा? कोणती लावली?"

"बरोबर लावली," आबा म्हणाले आणि फोन ठेवला. डोळे पुसायला त्यांना धोतराचा सोगा पुरला नाही.

"गाडी नंबर?" लताबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

"एमएच एकोणीस..." आबांनी सुरुवात केली.

"लिहिलं," लताबाई म्हणाल्या. "पुढे बोला."