मिठागरातलं रक्त

भांडुपच्या बंद मिठागरातलं पाणी लालभडक झालं आणि भर दुपारी अख्खी वस्ती बांधावर लोटली. "आई रक्त ओकतेय," मठातला गुणाजीबुवा देवी अंगात आल्यासारखा घुमत म्हणाला. आईने ते नेमकं बुवालाच का सांगावं, हे कुणी विचारलं नाही. नारळ मात्र ढिगाने आले.

मग बुवाचं बोट वळलं सोनूबाईकडे. म्हातारीने तीस वर्षं इथे मीठ ओढलं होतं. महिन्यापूर्वी खाडीचं पाणी आत घेणारी मोरी बुजलेली पाहून ती सगळ्यांना म्हणाली होती, आता पाणी लाल होणार. झालंही. म्हणजे करणी तिचीच, आणि तिला त्याच पाण्यात बुडवल्याशिवाय आई शांत होणार नाही, असं बुवाचं शास्त्र.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणारी अक्षता फोन येताच धावत आली. तोवर निलेशच्या बांबूने म्हातारीचा हात मोडला होता. फुटलेल्या कपाळावर खारं पाणी झोंबून ती गुरासारखी ओरडत होती. निलेश शेजारचाच, तिच्या हातचं खाऊन वाढलेला. अक्षताला संतापाने रडू फुटलं. ती मध्ये पडली, तर एक बांबू तिच्याही पाठीत बसला.

तिने पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. "सोनूबाईचं ऐकून महिन्यापूर्वी इथलंच पाणी नेलं होतं. एका बाटलीत रोज मीठ टाकत गेले. बघा."

एक हिरवीगार होती, दुसरी लाल. बुवाने झडप घालून लाल बाटली फोडली, काच अक्षताच्या तळव्यात घुसली. पण लोकांनी पाहायचं ते पाहिलं होतं.

रक्ताळलेली मूठ आवळून तिने समजावलं. या पाण्यात बारीक शेवाळ असतं. खारटपणा बेताचा असला की ते भराभर वाढतं, हिरवं राहतं. मीठ फार चढलं की वाढ खुंटते आणि जीव वाचवायला ते गाजरातला रंग अंगात साठवतं. मोरी बुजली, पाणी उन्हाने आटलं, मीठ चढलं. एवढाच चमत्कार.

मोरी उकरली तेव्हा मातीने भरलेल्या गोण्या निघाल्या, बुवाच्या मठाचं नाव छापलेल्या. आता तेच बांबू बुवावर उठले. अक्षता त्याला वाचवायलाही मध्ये उभी राहिली आणि पोलीस येईपर्यंत हलली नाही.

हॉस्पिटलात निलेश पाया पडायला वाकला. सोनूबाईने पाय आखडून घेतले.

"पाया नको पडू," ती म्हणाली. "पाणी लाल होणार म्हटलं, तेव्हा तुमच्यातल्या एकाने तरी विचारायचं होतं ना रे, बाई, तुला कसं कळलं?"