बाटली खरं सांगते

मी एक जुनी काचेची बाटली आहे. मित्रांनो, माझ्यावर हसू नका. एका विमानाला मी जमिनीवर बसवून ठेवलं होतं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

भट्टीतून निघाले तेव्हा माझ्यात खोकल्याचं औषध भरलं होतं. ते संपल्यावर आसेगावच्या भागिरथाबाई मला उकिरड्यावर टाकणार होत्या, पण त्यांच्या नवऱ्याने, इंद्रभानने, मला राखेने घासून लख्ख केलं आणि कामावर नेलं. कामरगावच्या माळावर मुरूम टाकून धावपट्टी केली होती. कपाशीवर औषध फवारणारं एक छोटं विमान तिथे असायचं. इंद्रभान त्याचा मेकॅनिक होता. त्याच्या घराण्यात पगाराची नोकरी आधी कुणी पाहिली नव्हती.

रोज सकाळी तो विमानाभोवती एक फेरी मारायचा. पंख हलवून बघायचा, चाकं दाबायचा, ऑइल तपासायचा. शेवटी टाकीखालचा नळ उघडून विमानाचं थोडं रंगीत पेट्रोल माझ्यात घ्यायचा आणि मला उन्हात धरायचा. पेट्रोलमध्ये पाणी असलं तर ते तळाशी बसतं आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. रेघ नाही म्हणजे उड्डाणाला हरकत नाही. माझा शब्द अखेरचा असायचा.

चौऱ्याहत्तर सालच्या पोळ्याला इंद्रभान सुटीवर होता. दुसऱ्या दिवशी परतला, तर विमानाला हळदकुंकू लावलेलं, नाकावरच्या पंख्याला झेंडूची माळ! त्याने माळ काढली, फेरी मारली आणि मला भरलं.

कॅम्पचे मॅनेजर बबनराव घड्याळ बघत होते. वारा सुटला की फवारणी बंद. पायलट अमरसिंग विमानात बसून पट्टा बांधत होते.

"काहून वेळ लावून राह्यला?" बबनराव ओरडले. "रेघ नाई, थेंब नाई. बाटली साफ दिसून राह्यली!"

"साफ हाये म्हणूनच भेव वाटते, साहेब. याले रंग नाई, वास नाई."

"सोंगं पुरे. चाकापुढचे ठोकळे काढ, नाई तर चालू लाग घरी. उद्यापासून येऊ नको."

मित्रांनो, नोकरी जाण्याचं भय मी इंद्रभानच्या बोटांत ओळखलं. तरी तो चाकाजवळ गेला आणि ठोकळ्यापुढे मांडी घालून बसला.

"काढा मले नोकरीवरून. पण हे विमान आज माह्या अंगावरून जाईन. कपाशीच्या डोक्यावर इंजिन बंद पडलं, तर अमरसिंगसाहेबाले उतराले जागा कोठी हाये?"

मग तो म्हणाला, "हात पुढं करा." बबनरावांनी चिडून हात पुढे केला. इंद्रभानने माझ्यातलं थोडं त्यांच्या तळव्यावर ओतलं. पेट्रोल असतं तर गार लागून क्षणात उडून गेलं असतं. हे मात्र जागचं हललं नाही. मी गळ्यापर्यंत निव्वळ पाण्याने भरले होते, मग रेघ दिसणार कुठून?

अमरसिंग पट्टा सोडून खाली उतरले. तेवढ्यात चौकीदाराची बायको रंगूबाई पदर सावरत पुढे आली.

"मीच पाजलं भाऊ, तांब्याभर. बैलाले निवद दिला का पानी पाजतोच नं आपण? हा बी बिचारा रोज राबते. पेट्रोल जेथून टाकता, तेच याचं तोंड समजली मी."

हसावं की रडावं, कुणालाच कळेना. इंद्रभान मात्र तिच्यावर रागावला नाही. त्याने मला पाच वेळा भरलं आणि रिकामं केलं. सहाव्यांदा मी रंगीत, वास मारणारी निघाले, आणि मगच ठोकळे निघाले.

दुसऱ्या दिवशी बबनराव परत घाईत. "कालच तर पाह्यलं. आज पुन्हा कायले?"

"काल पाह्यलं ते कालच्यासाठी," इंद्रभान म्हणाला आणि नळाखाली वाकला. या वेळी अमरसिंग स्वतः माझ्यासमोर उभे राहिले. मला नाकाशी धरून त्यांनी खोल श्वास घेतला, मगच विमानात चढले.

पुढे कॅम्प उठला, विमान गेलं. आता मी एका फळीवर धूळ खात पडले आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका, मला फुलदाणीही करू नका. जिथे कुणाचा जीव एखाद्या यंत्रावर टांगलेला असेल, तिथे मला न्या. घाई करणारा कितीही मोठा माणूस असो, मला उन्हात धरा आणि माझा वासही घ्या. 'नाही' म्हणायची वेळ आली तर मी कुणाच्या बापाला भिणार नाही. मला धरणारा हात तेवढा इंद्रभानसारखा हवा.